त्यांचं पुढे काय झालं

स्ट्रेचर कॅज्युअल्टीच्या दारातून आत गेलं की डॉ. प्रणोती देवकतेचं काम संपायचं. तिथल्या डॉक्टरांना पेशंटची माहिती द्यायची, सही घ्यायची आणि रिकामं स्ट्रेचर बाहेर आणायचं. मग इलाही मुजावर रुग्णवाहिकेचा मागचा भाग धुवायला घ्यायचे आणि प्रणोती पुढच्या सीटवर बसून फोन काढायची.

इलाहीभाई रुग्णवाहिकेचे चालक. या सेवेत चालकाला पायलट म्हणतात. टेंभुर्णीजवळ हायवेच्या कडेला त्यांचा तळ होता आणि सोलापूरपर्यंतचा रस्ता त्या दोघांना तोंडपाठ होता. प्रणोती आयुर्वेदाची पदवी घेऊन या गाडीवर आली ती एखादं वर्ष अनुभव घ्यावा म्हणून, आणि मग राहिलीच. हात स्थिर, आवाज स्थिर. अपघाताच्या गर्दीत ती उतरली की माणसं आपोआप बाजूला व्हायची.

त्या दुपारी त्यांनी एका मोटरसायकलवाल्याला सोलापुरात पोचवलं होतं. छातीच्या फासळ्या तुटलेल्या, श्वास अडकलेला. प्रणोतीने वाटेतच छातीत सुई घालून अडकलेली हवा बाहेर काढली होती, म्हणून तो तिथवर पोचला. आता तो आत होता आणि दार बंद झालं होतं.

फोनच्या पडद्यावर एक पतंग वर चढत होता. खेळ सोपा होता. पैसे लावायचे, पतंग चढेल तसे ते वाढत जातात. कटण्याआधी दोर ओढून घेतला तर वाढलेले पैसे आपले, नाहीतर सगळे गेले. अशा खेळांवर बंदी होती, पण हा कुठून तरी परदेशातून चालायचा आणि दर महिन्याला नव्या नावाने फोनवर यायचा.

कंट्रोल रूमचा कॉल आला. शेतातल्या विहिरीत म्हातारा पडलाय, लगेच निघा.

"एक मिनिट," प्रणोती म्हणाली. पतंग अजून चढत होता.

इलाहीभाईंनी गाडी सुरू केली आणि थांबले. तिने पट्टा लावला नव्हता, मागचं दार लागलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते आणि ती पडद्याकडे. पतंग कटला. तिने फोन खाली टाकला, उतरून मागचं दार लावलं, परत येऊन पट्टा ओढला. "चला."

म्हातारा वाचला. विहिरीत पाणी कमी होतं आणि गाववाल्यांनी त्याला आधीच वर काढलं होतं. त्याला दवाखान्यात सोडून तळावर परतल्यावर इलाहीभाई गाडीतून उतरले नाहीत.

"मॅडम, बोलू का?"

"बोला की."

"म्हातारा बरा आहे, म्हणून उशीर झाला नाही असं म्हणू नका. झाला. तुम्ही घरी काय करता ते मी विचारणार नाही. पण माझ्या गाडीत हे चालणार नाही. एकतर तुम्ही काहीतरी करा, नाहीतर मी साहेबांना सांगतो. तुमच्या मागून नाही सांगणार. तुमच्यासमोर सांगेन."

प्रणोतीला राग यायला हवा होता. तो आला नाही. आठवडाभर कुणीतरी हे म्हणावं असं वाटत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

"मला थोडे दिवस द्या," ती म्हणाली.

"दिले."

*

प्रणोतीच्या नवऱ्याची, यशपालची, डाळिंबाच्या रोपांची नर्सरी होती. प्रणोती घरी आली तेव्हा तो रोपांच्या ओळींमधून पाण्याची नळी ओढत होता. तिने बॅगही ठेवली नाही. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शेडनेटसाठी ठेवलेले पैसे मी घालवले," ती म्हणाली.

त्याने नळी खाली ठेवली. "कुठे?"

"फोनवरच्या एका खेळात."

"सगळे?"

"सगळे."

नळीचं पाणी त्याच्या पायाखालून वाहत होतं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मग त्याने विचारलं, "आवडतं तुला ते?"

या प्रश्नाची तिने तयारी केली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "जिंकले तरी आनंद होत नाही. हरले तरी फार वाईट वाटत नाही. निकाल लागला की बरं वाटतं, एवढंच. आणि मग लगेच पुन्हा."

"मग कशासाठी खेळतेस?"

"तेच शोधायला पुण्याला जातेय. आपत्कालीन कामातल्या लोकांवर तिथे एक प्रयोग चाललाय. जुगाराच्या सवयीवरच. आमच्या ग्रुपवर माहिती आली होती. मी नाव दिलंय."

यशपालने नळी उचलली. "मी येतो सोबत," तो म्हणाला. तो अजून रागात होता. ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. तरी आला.

*

डॉ. तिलोत्तमा बर्वे मेंदूच्या शास्त्रज्ञ होत्या. साठीच्या पुढच्या, बोलायला थेट. त्यांनी प्रणोतीच्या कानामागे एक पातळ, टिकलीएवढी चकती चिकटवली. त्या प्रयोगशाळेत सगळे तिला टिकलीच म्हणायचे.

"ही तुमच्या मेंदूतली वीज ऐकते," बर्वे म्हणाल्या. "आम्ही एकाच गोष्टीच्या शोधात आहोत. तुम्ही नाणं उडवलंत, ते हवेत आहे. छापा की काटा, अजून कळलं नाही. त्या वेळी मेंदूत एक संथ लहर उभी राहते. नाणं पडलं, उत्तर कळलं, की ती बसते. आम्ही तिला प्रतीक्षा-लहर म्हणतो. सगळ्यांना असते. परीक्षेचा निकाल असो की कुकरची शिट्टी, मेंदू वाट बघतो आणि उत्तर मिळालं की मोकळा होतो."

आठवड्याने दोघं पुन्हा आली तेव्हा त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. एक उंचवटा, मग सपाट रेघ.

"हे साधं माणूस. आता ह्या तुम्ही. गेला आठवडाभर तुम्ही टिकली लावून ड्यूटी केलीत, त्याचं हे चित्र."

प्रणोतीच्या आलेखात सपाट रेघ नव्हतीच. एका उंचवट्याच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, जिना चढत गेल्यासारखा.

"प्रत्येक पेशंट म्हणजे एक नाणं," बर्वे म्हणाल्या. "तुम्ही ते हवेत उडवता, जीव ओतून उडवता, आणि दवाखान्याच्या दारात सोडून येता. ते पडलं कसं, हे तुम्हाला कुणी सांगतच नाही. तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं, पेशंटचं पुढे काय झालं?"

"पूर्वी विचारायचे. पण तिथे कुणाला वेळ नसतो. आणि आम्हीही लगेच पुढच्या कॉलला निघतो."

"पण लहर निघून जात नाही, ती साठते. आणि मेंदूची गंमत अशी की त्याला उत्तर हवं असतं, कुठलंही. पतंग काही सेकंदांत उत्तर देतो. चढला की कटला. तेवढ्यापुरती लहर थोडी खाली येते. तुमच्याबरोबर या प्रयोगात अग्निशमन दलातली माणसं आहेत, पोलीस कंट्रोल रूममधल्या मुली आहेत, आयसीयूच्या सिस्टर आहेत. बहुतेकांना वाटतं की धोका आवडतो म्हणून आपण जुगार खेळतो. आलेख तसं सांगत नाही. कॉलवर असताना तुमचा मेंदू अगदी शांत असतो. ओढ लागते ती दार बंद झाल्यावर."

यशपाल खुर्चीत पुढे सरकला. त्याने विचारलं, "त्या खेळवाल्यांना हे माहीत आहे का?"

"त्यांच्यातल्या एकाही माणसाला माहीत नसेल. त्यांच्या यंत्राला आहे." बर्वेंनी प्रणोतीचा फोन मागितला आणि खेळाचे आलेले निरोप दाखवले. "फुकट उडवा एक पतंग," असा निरोप जवळजवळ प्रत्येक वेळी दवाखान्याच्या आवारातच आलेला होता. "फोनला हादरे कळतात. सुसाट वेग, मग एकदम थांबणं, मग हातात फोन. हे कोण आहे, काय काम करतं, याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. अशा वेळी निरोप पाठवला तर हे गिऱ्हाईक हमखास खेळतं, एवढं ते शिकलंय. अशी गिऱ्हाइकं राज्यभर आहेत."

प्रणोतीने फोन परत घेतला. आपण फार एकट्याने, फार लपून काहीतरी करतोय असं तिला वाटत होतं. एक यंत्र रोज दारात उभं राहून तिची वाट बघत होतं.

"उपाय काय?" तिने विचारलं.

"टिकली फक्त ऐकत नाही. ती अगदी हलक्या, ऐकू न येणाऱ्या आवाजाची कंपनं आत पाठवू शकते. लहर उठली की ती दाबायची. बघायचंय?"

"लावा," प्रणोती म्हणाली.

*

कंपनं सुरू झाली आणि पतंग सुटला. सोडावा लागला नाही, सुटला. खेळ फोनवर होता, निरोप येत होते, पण ते वाचताना तिला भिंतीवरची जुनी जाहिरात वाचल्यासारखं वाटायचं. ती वेळेवर जेवू लागली. इलाहीभाईंनी साहेबांकडे जाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. बर्वेंच्या प्रयोगशाळेत तिचा आलेख इतरांना दाखवला जाऊ लागला.

मग एक दिवस ऊसतोडीच्या फडात आग्या मोहोळ उठलं. एका बाईला इतक्या ठिकाणी चावे होते की तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, आणि घसा आतून सुजायला लागला होता. प्रणोतीने मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू केलं. सगळं बिनचूक. मग ती बाजूच्या सीटवर बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

गाडी चालवताना इलाहीभाई आरशातून मागे बघत. या वेळी ते पुन्हा पुन्हा बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "बाई घरघरतेय. बघा जरा."

प्रणोतीने वळून पाहिलं. बाईचे ओठ निळसर पडत होते. पहिल्या इंजेक्शनने काम भागलं नव्हतं. तिने लगेच दुसरं दिलं आणि या वेळी बाईच्या नाडीवर बोट ठेवून बसली, श्वास मोकळा होईपर्यंत. हात नेहमीसारखेच स्थिर होते. पण पहिलं इंजेक्शन दिल्यावर त्याचा उपयोग झाला का, हे बघायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दवाखान्यात पोचल्यावर तिने इलाहीभाईंना एवढंच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही दर खेपेला मागून विचारत असता. मावशी, आता कसं वाटतंय? काका, जरा बरं आहे का? आज मागे सगळं चूप होतं."

त्याच संध्याकाळी यशपाल जेवताना ताटातली भाकरी मोडत बसला होता, खात नव्हता. प्रणोतीचं जेवण झालं. ती उठून ताट धुवायला गेली.

"आज सोलापूरला जाऊन आलो," तो म्हणाला.

"हो का."

"प्रणोती, आज रिपोर्ट मिळणार होता."

ती जागीच थांबली. यशपालच्या गळ्यात गाठ होती. तिनेच ती पहिल्यांदा हाताला लागली म्हणून ओळखली होती, तिनेच त्याला तपासणीला पाठवलं होतं. त्याचा निकाल आज होता आणि दिवसभरात तिला एकदाही त्याची आठवण झाली नव्हती. तसं पाहिलं तर आठवण होती. विचारावंसं वाटलं नव्हतं.

"काय आला?"

"साधी गाठ आहे. काही नाही." त्याने ताट बाजूला सारलं. "रिपोर्ट हातात घेऊन मी दुपारपासून बसलोय. म्हटलं, विचारेल तेव्हा सांगीन. तू पैसे घालवलेस तेव्हा मला एवढा धक्का बसला नव्हता. तेव्हा तू निदान माझ्यासमोर येऊन उभी राहिली होतीस."

प्रणोती त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या गळ्यावर हात ठेवला, गाठ होती तिथे. मग कानामागून टिकली सोडवली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली.

*

"कंपनं बंद केलीत तर तुम्ही पुन्हा खेळाल," बर्वे म्हणाल्या. "महिन्याच्या आत. मी पैज—" त्या थांबल्या. "तुमच्यासमोर हा शब्द नको. पण खेळाल."

"कदाचित. पण मॅडम, माझ्या हातून काल एक बाई गेली असती. आपण जी लहर दाबतोय तिनेच मी पेशंटकडे वळून बघते. तिनेच नवऱ्याला विचारते की रिपोर्ट काय आला. रोग तो नाही."

"मग रोग कुठला?"

"उत्तर न मिळणं. तुम्हीच सांगितलंत. मग प्रश्न का बंद करायचा? उत्तर आणू या. टिकलीला फक्त ऐकू दे, काही पाठवू देऊ नका. मी माझ्या सुट्टीत वॉर्डात जाईन, माझ्या पेशंटचं काय झालं ते विचारीन. लहर बसते का ते तुम्ही बघा."

बर्वेंनी चष्मा काढला. "आणि उत्तर वाईट असलं तर? निम्म्या वेळा असेल. वाईट बातमीने लहर बसते की आणखी उसळते, हे आजवर कुणी मोजलेलं नाही. उसळली तर मी तुम्हाला सरळ त्या पतंगाकडे ढकललं असं होईल."

"मला मोजा मग," प्रणोती म्हणाली. "मी डॉक्टर आहे. वाईट बातमी द्यायची मला सवय आहे, घ्यायचीही होईल."

सुरुवातीला दवाखान्यांमध्ये तिच्याकडे संशयाने बघितलं गेलं. "का विचारताय? काही तक्रार आलीय का?" एका सिस्टरने विचारलं. प्रणोती म्हणाली, "नाही हो. मी आणलं होतं त्यांना. पुढे काय झालं, तेवढंच हवंय." सिस्टर स्वतःच तिला वॉर्डात घेऊन गेली. मोटरसायकलवाला घरी गेला होता. मोहोळवाली बाई खाटेवर बसून पेज पीत होती. तिने प्रणोतीला ओळखलं नाही. चेहऱ्याची सूज उतरल्यामुळे प्रणोतीनेही तिला जवळजवळ ओळखलं नाही. दोघी हसल्या.

त्या आठवड्यांतला आलेख बर्वेंनी यशपाललाही फोनवर पाठवला. प्रत्येक भेटीनंतर लहर खाली उतरत होती, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून निघून जात होत्या. निरोप आला की प्रणोतीला अजूनही ओढ वाटायची, पण आता ती ओढ येताना दिसायची आणि जाताना दिसायची. तिने खेळ फोनवरून काढून टाकला.

पण तोपर्यंतची सगळी उत्तरं चांगली होती.

*

नवनाथ बोअरवेलच्या गाडीवर काम करायचा. विंधनाचा लोखंडी दांडा निखळून त्याच्या पोटावर बसला होता. प्रणोती आणि इलाहीभाईंनी त्याला सोलापूरला पोचवलं तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटी संपवून दवाखान्यात गेली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने नाव बघितलं आणि म्हणाला, "गेला तो. सकाळीच नेलं घरच्यांनी."

ती बाहेर येऊन गाडीत बसली. आज त्या दोघांनी इलाहीभाईंची स्वतःची जुनी जीप आणली होती. लहर बसली नव्हती. हे कळायला तिला टिकलीची गरज नव्हती. उत्तर मिळालं होतं आणि तरी काहीतरी हवेतच होतं. फोन वाजला. नव्या नावाने, नव्या रंगाचा पतंग. फुकट उडवा.

तिचा अंगठा पडद्यावर होता. एकदा दाबलं की काही सेकंदांत निकाल.

"इलाहीभाई," ती म्हणाली, "मी आत्ता खेळणार आहे."

इलाहीभाईंनी हात पुढे केला नाही, फोन मागितला नाही. "काय झालं आत?"

"नवनाथ गेला."

त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. "काय म्हणाले? कशाने?"

"एवढंच म्हणाले. गेला."

"मग हे कसलं उत्तर, मॅडम? चला, त्याच्या घरी जाऊन येऊ. गाव मला ठाऊक आहे, माढ्याच्या अलीकडे."

"तिथे जाऊन काय विचारायचं?"

"ते तिथे गेल्यावर बघू," इलाहीभाई म्हणाले आणि जीप सुरू केली. प्रणोतीने फोन बंद करून त्यांच्यापुढच्या कप्प्यात टाकला.

गावात पोचले तेव्हा ऊन अजून होतं. घरासमोर मांडव नव्हता, नुसती माणसं बसली होती. दारात पाय ठेवण्याआधी प्रणोतीने कानामागची टिकली काढून पर्समध्ये ठेवली. मोजण्यासारखी ही जागा नव्हती.

नवनाथची आई भिंतीला टेकून बसली होती. थोरला भाऊ उत्तम त्याच बोअरच्या गाडीवर असायचा. इलाहीभाईंनी हळू आवाजात सांगितलं की ह्या डॉक्टरीणबाई, नवनाथला गाडीतून ह्यांनीच नेलं.

म्हातारीने मान वर केली. प्रणोतीला वाटलं, आता ती विचारणार, का वाचवला नाही. त्याचं उत्तर तिने वाटेत मनात जुळवलं होतं.

"तुमी व्हता का बाई गाडीत?" म्हातारी म्हणाली. "आमाला कुनी जवळ जाऊ दिलं न्हाई. त्यो काय बोलला का? का तसाच गेला?"

प्रणोती तिच्यासमोर जमिनीवर बसली. वाटेत जुळवलेलं सगळं तिच्या डोक्यातून गेलं. ही बाई कालपासून एका प्रश्नापाशी बसून होती आणि त्याचं उत्तर या जगात दोनच माणसांकडे होतं. ती दोघं तिच्या दारात आली होती.

"बोलला," प्रणोती म्हणाली. "सोलापूर येईपर्यंत बोलत होता. एकटा नव्हता, मी त्याचा हात धरून होते. दुखत होतं, पण मी इंजेक्शन दिल्यावर कमी झालं. माझ्या चिखलाने गाडी खराब झाली म्हणाला, सॉरी म्हणाला. इलाहीभाई म्हणाले, धुतली की होते साफ."

"आनि?"

"आणि एकच विचारत होता. पाणी लागलं का?"

उत्तम उभा होता, तो खाली बसला.

"सारखं विचारत होता," प्रणोती पुढे म्हणाली. "मला माहीत नव्हतं. पण मी म्हटलं, लागलं. मग तो गप्प झाला. डोळे मिटून हसला थोडा." तिने उत्तमकडे बघितलं. "मला तुम्हाला हेच विचारायचंय. लागलं होतं का?"

"लागलं होतं," उत्तम म्हणाला. त्याचा आवाज नीट निघेना. "दांडा निखळला तवाच लागलं. त्याच्या अंगावरचा चिखल त्याच पान्याचा, बाई. त्याला दिसलंच न्हाई. आमी सगळी त्याच्याकडं धावलो, कुनी सांगितलं न्हाई त्याला."

"मी सांगितलं," प्रणोती म्हणाली.

म्हातारीने तिचा हात हातात घेतला आणि मग ती रडायला लागली, मोठ्याने, मोकळी होऊन. प्रणोतीही रडली. डॉक्टर म्हणून तिने कधी पेशंटच्या घरी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. तशी ती कधी पेशंटच्या घरी गेलीच नव्हती.

जीप परतीच्या वाटेला लागली.

"तुम्ही माहीत नसताना लागलं म्हणालात," इलाहीभाई म्हणाले. "बरं झालं, खरं निघालं."

"खोटं निघालं असतं तरी मी ऐकायला आले असते," प्रणोती म्हणाली.

कप्प्यातला फोन तिने तळावर पोचल्यावर चालू केला. पतंगाचा निरोप तसाच होता. तिने तो पुसला आणि यशपालला फोन लावला. "आज दिवस कसा गेला?" तिने विचारलं. त्याला सांगायला बरंच काही होतं. ती ऐकत राहिली.

*

टिकली काढून ठेवल्याबद्दल बर्वे तिच्यावर चिडल्या. "सगळ्यात मोलाचा आलेख तुम्ही पर्समध्ये ठेवलात," त्या म्हणाल्या. पण त्यांनी प्रयोगाचा आराखडा बदलला. कंपनं बंद केली. नव्या प्रयोगात इतर माणसं उत्तरं शोधायला गेली, आपापल्या टिकल्यांसह, आणि त्यांच्या आलेखांनी जे दाखवायचं ते दाखवलं. वाईट उत्तरानेही लहर बसते. नुसत्या शब्दाने बसत नाही, गोष्ट पूर्ण कळली तर बसते. सगळ्यांचा जुगार सुटला नाही. पुष्कळांचा सुटला. खेळवाल्यांची यंत्रं तशीच चालू राहिली, पण दवाखान्याच्या आवारातलं त्यांचं गिऱ्हाईक घटायला लागलं.

पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या दवाखान्यांनी पद्धतच घातली. पेशंट आणणाऱ्या गाडीला त्याचं पुढे काय झालं ते कळवायचं, आणि घरच्यांना हवं असेल तर गाडीतल्या माणसांची भेट घडवायची. ही पद्धत शिकवायला प्रणोती गावोगावच्या केंद्रांवर जाऊ लागली. यशपालच्या नर्सरीवर शेडनेट चढलं, उशिरा, अर्ध्या जागेवर.

बार्शीच्या अग्निशमन केंद्रात तिने बोलणं संपवलं तेव्हा मागच्या रांगेतला एक जवान उभा राहिला. दांडगा गडी, पण बोलताना नजर खाली.

"मॅडम, एक घर आहे. तिथे मला विचारायला जायचंय. पण तिथे उत्तर चांगलं नसणार, ते मला माहीत आहे. कसं जायचं?"

"एकटं जायचं नाही," प्रणोती म्हणाली. "तुमच्या गाडीवर सोबत कोण असतं?"

त्याने शेजारच्या माणसाकडे बघितलं. तो आधीच उठून उभा राहिला होता.